लेखक मुद्दाम रडवतो तेव्हा

पत्राचा सारांश: ठाण्याहून एका भगिनीनं लिहिलं आहे. वय ३८, बँकेत नोकरी, मुलगा सहावीत. मे महिन्याच्या सुट्टीपासून त्या रात्री झोपण्याआधी मुलाला 'श्यामची आई' मोठ्यानं वाचून दाखवतात. लहानपणी आजीनं त्यांना ते असंच वाचून दाखवलं होतं. आता निम्मं पुस्तक झालं आहे. वाचताना त्यांचा गळा दाटतो, कधी कधी पुढचं वाक्यच फुटत नाही. मुलगा मात्र शांतपणे ऐकतो. एका रात्री त्यानं विचारलं, "आई, हे त्यांनी मुद्दाम आपल्याला रडवायला लिहिलंय ना?" मराठी शिकवणाऱ्या एका मैत्रिणीला त्यांनी हे सांगितलं, तर ती म्हणाली की मुलाचं बरोबर आहे, पुस्तक भाबडं आहे आणि रडू आणायची सगळी तंत्रं त्यात वापरली आहेत. तेव्हापासून वाचताना आपण फसवले जातोय असं त्यांना वाटतं, आणि तरी रडू येतंच. पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहावं तशी, आणखी एक गोष्ट त्यांनी लिहिली आहे: "दिवा मालवल्यावर झोप लागत नाही. मी त्या बाईच्या पासंगालाही पुरत नाही, असं वाटत राहतं. हे पुस्तक बंद करावं का?"

ताई,

तुमच्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते सरळ आहे. हो, मुद्दाम लिहिलंय. साने गुरुजींनी ते लपवलेलंही नाही. पुस्तकाच्या आरंभीच ते सांगतात, की या गोष्टी लिहिताना आपलं हृदय शंभरदा गहिवरलं होतं, आणि आईविषयीचं तेच प्रेम, तीच कृतज्ञता वाचणाऱ्याच्याही मनात जागी झाली तर लिहिल्याचं सार्थक होईल. आपण ती पानं ओलांडून थेट पहिल्या रात्रीला हात घालतो. उद्या मुलाला ती दाखवा. आपण अकराव्या वर्षी जे ओळखलं ते लेखकानं स्वतःच लिहून ठेवलंय, हे बघून त्याला आनंद होईल.

आता तुमच्याकडे वळते. 'मुद्दाम' हा शब्द ऐकला आणि तुम्ही दोघी मैत्रिणी लगेच 'म्हणजे खोटं' इथवर पोचलात. मला तिथं जरा थांबावंसं वाटतं. तुम्ही कीर्तन ऐकलं असेल. आख्यान ऐन भरात आलं की चांगला कीर्तनकार साथ थांबवतो, आवाज खाली आणतो, क्षणभर नुसता उभा राहतो. कुठं थांबायचं हे त्याला पाठ असतं, कितीतरी गावांत तो तसाच थांबलेला असतो. तरी बुवांनी फसवलं असं म्हणत कुणी घरी जात नाही. थांबणं शिकलेलं असतं. ज्यासाठी तो थांबला ते खरं असतं, आणि ऐकणाऱ्याला ते कळतं.

जगातल्या अतिशय काटेकोर कादंबरीकारांत फ्रान्सच्या फ्लोबेरचं नाव येतं. 'मादाम बोव्हारी' लिहायला त्यानं जवळजवळ पाच वर्षं घेतली. आपण स्वतः पानावर कुठेही दिसता कामा नये, हा त्याचा हट्ट होता. गहिवर वगैरे त्याच्या पुस्तकात शोधून सापडणार नाही. पण त्यातली एमा विष घेते तो प्रसंग लिहिताना आपल्याच तोंडाला आर्सेनिकची चव आली होती आणि जेवण उलटून पडलं होतं, असं त्यानं पुढे एका पत्रात लिहिलं आहे. एकेक वाक्य तोलून लिहिणारा माणूस लिहिता लिहिता ओकतो. तंत्र एका बाजूला आणि भावना दुसऱ्या बाजूला, अशी वाटणी लिहिणाऱ्याच्या टेबलावर होतच नाही. ती आपण नंतर करतो.

गुरुजींचं पुस्तक वरवर याच्या अगदी उलट टोकाचं. १९३३ च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात, बहुतेक भाग पाच दिवसांत लिहून झाला. पाच दिवसांत कसलं तंत्र, असं कुणीही म्हणेल. पण त्या पाच दिवसांमागे अमळनेरच्या शाळेतली मास्तरकीची वर्षं होती, छात्रालयातल्या मुलांना जवळ घेऊन बोलण्याची सवय होती. आणि आदल्याच वर्षी, १९३२ मध्ये, धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर जी प्रवचनं दिली ती गुरुजींनीच उतरवून घेतली होती. बोलणारा एक, भोवती बसलेली साधी माणसं, आणि बोलणं जसंच्या तसं कागदावर आणणारा हात. 'श्यामची आई'चा घाट मला त्या बैठकींच्या फार जवळचा वाटतो.

त्या घाटाकडे आज रात्री जरा नीट बघा. श्याम आश्रमात राहतो. प्रार्थना झाल्यावर मित्रांना, गावातल्या मुलामाणसांना तो आईची एकेक आठवण सांगतो, अशा ४२ रात्री. म्हणजे तुमच्या-माझ्या आधी ही गोष्ट ऐकणारे लोक पुस्तकातच बसलेले आहेत. गोष्ट संपते तेव्हा ते गप्प होतात, कुणाचे डोळे भरतात, कधी श्यामलाच पुढे बोलवत नाही. आपण त्यांच्यामागे जाऊन बसतो आणि त्यांचं गप्प होणं आपल्यात उतरतं. तुमची मैत्रीण याला तंत्र म्हणाली असेल तर ती बरोबर आहे. फक्त हेही लक्षात घ्या, की तुम्ही दिवा लावून, मुलाला कुशीत घेऊन, मोठ्यानं वाचता तेव्हा तीच बैठक ठाण्याच्या तुमच्या खोलीत भरते. पुस्तक ज्या रीतीनं ऐकलं जावं म्हणून बांधलंय, तुम्ही त्याच रीतीनं ते वाचताय. रडू तुम्हाला जास्त येतं आणि मैत्रिणीला कमी, त्याचं हेही एक कारण असेल. ती बहुधा एकटीनं, मनात, परीक्षेच्या प्रश्नांसाठी वाचते.

पण नुसत्या बैठकीनं कुणी रडत नाही. रडू येतं ते वस्तूंपाशी. ती न्हाणीची गोष्ट आठवा. लहान श्यामची आंघोळ झाली आहे, तळव्यांना घाण लागू नये म्हणून तो हटून बसलाय, आणि आई दगडावर आपलं लुगडं पसरते. पायांना जपतोस तसं मनालाही जप, हे तिचं वाक्य सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. शाळेत आपल्याकडून तेच पाठ करून घेतात. मला मात्र त्या वाक्याआधी पसरलेला तो ओला कपडा दिसतो. त्या घरात लुगडी मोजकी होती. मुलाच्या हट्टापायी ती ते दगडावर टाकते, आणि हट्ट पुरवून झाल्यावर, तो पुरवल्याच्याच आधारानं बोलते. आधी कपडा, मग शब्द. क्रम उलटा केला असता, आईनं आधी उपदेश केला असता, तर ते वाक्य कुणाच्या लक्षात राहिलं नसतं.

किंवा पोहायला शिकण्याची रात्र घ्या. भित्रा श्याम घरात लपून बसतो, आई त्याला शोधून काढते आणि शिमटीनं मारत विहिरीकडे पिटाळते. आजच्या मुलाला ते वाचून धक्का बसतो, बसायलाच हवा. श्याम पोहून घरी येतो तेव्हा आईनं त्याच्यासाठी सायीचं दही ठेवलेलं असतं. मी हे पुस्तक पहिल्यांदा नववीत वाचलं, तेव्हा आईच्या मृत्यूपाशी रडले होते. दुसऱ्यांदा वाचलं ते माझी आई गेल्यावर दोन वर्षांनी. मृत्यूचं प्रकरण कोरड्या डोळ्यांनी वाचून झालं. रडले ती त्या दह्यापाशी. मारून झाल्यावर तिनं घरात काय काय केलं असेल, किती वेळा दाराकडे बघितलं असेल, यातलं काहीही गुरुजी लिहीत नाहीत. नुसतं दही ठेवतात. पुस्तक तेच होतं, मधे माझं आयुष्य आलं होतं. केवळ करामतीनं आणलेलं रडू असतं तर ते दोन्ही वेळा एकाच पानावर आलं असतं.

आता तुमच्या पत्रातल्या शेवटच्या ओळी. खरं सांगायचं तर मला वाटतं, पत्र तुम्ही त्यांच्यासाठीच लिहिलंत.

पुस्तकाच्या नावाकडे बघा. 'श्यामची आई'. ती षष्ठी फार महत्त्वाची आहे. हे त्या बाईचं चरित्र नव्हे, ते एका मुलाच्या डोळ्यांत उरलेलं तिचं रूप आहे. ४२ रात्रींत ती स्वतः आपली गोष्ट एकदाही सांगत नाही. आपल्याला ती दिसते ती सतत त्याच्या आठवणीतून. आणि तो कोण आहे? गुरुजींची आई १९१७ मध्ये गेली, तेव्हा ते अठरा वर्षांचेही नव्हते. पुस्तक लिहिलं १९३३ मध्ये. पुस्तकातला श्याम शिकायला दूर असतो, आई त्याची वाट बघत जाते, आणि तो पोचतो तेव्हा राख उरलेली असते. त्या उशिरा पोचलेल्या मुलानं सांगितलेल्या आठवणी आहेत या. कितीतरी रात्री तो आपल्याकडूनच काही चुकलं तिथून सुरुवात करतो: मी हट्ट केला, मी लपलो, मी पैसे चोरले. चूक त्याची, आणि क्षमा करणारी ती. पुस्तकाला गती देतो तो हा पश्चात्ताप. आईची थोरवी त्या पश्चात्तापाच्या उजेडात मोठी दिसते.

म्हणून ताई, तुम्ही स्वतःला ज्या बाईशी तोलताय ती स्वतःला तशी कधी दिसलीच नसेल. तिला दिसलं असेल घरातलं संपलेलं मीठ, डोक्यावरचं कर्ज आणि रडणारं धाकटं पोर. गुरुजींच्या गावी, पालगडच्या त्या घरात कुणी तिला विचारलं असतं, तर तीही म्हणाली असती की मी कुठं पुरी पडते. तुमची गाठ आहे ती मुलाच्या आठवणीत घडलेल्या व्यक्तिरेखेशी. आणि अशी व्यक्तिरेखा तुमच्या मुलाच्या मनात आत्ता, तुम्हाला नकळत तयार होते आहे. तिच्यात तुमची उशिराची लोकल नसेल कदाचित. दाटलेल्या गळ्यानं अडलेलं एक वाक्य असेल.

शिवाय ती व्यक्तिरेखा तुम्हाला आठवते तितकी गुळगुळीत नाही. शाळेच्या धड्यांनी आणि मातृदिनाच्या भाषणांनी तिचे कोपरे घासून टाकलेत. पुस्तकात ते शाबूत आहेत. अळणी भाजीची रात्र काढा. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील आणि मुलं चकार शब्द न काढता जेवून उठतात, आणि ती स्वतः जेवायला बसते तेव्हा तिला ते कळतं. त्या रात्रीचा मोठेपणा वडिलांच्या वाट्याला आलाय, आई तिथं चुकलेली आहे. किंवा कर्जाच्या वसुलीला आलेला माणूस बायको विका म्हणतो, तेव्हा ती बाहेर येऊन त्याला ओटीवरून चालतं व्हायला सांगते ती रात्र. हीच का ती सोशीक मूर्ती, असं वाटावं इतकी ती तिथं पेटलेली आहे. चांगल्या लेखकाचं पात्र असं आपल्याच ठरलेल्या प्रतिमेतून बाहेर येतं, आणि एकदा तसं आलं की आपण त्यावर कायमचा विश्वास ठेवतो.

तिच्या काळाच्या मर्यादाही पानावर तशाच आहेत. डोक्यावरून मोळी पडलेल्या म्हातारीला आई श्यामकडून मदत करवते, आणि नंतर आंघोळ करायला सांगते. तुमचा मुलगा विचारील, आंघोळ कशाला? त्या रात्री घाईनं पुढे जाऊ नका. ती म्हातारी ज्या जातीची होती तिला शिवलं तर विटाळ होतो असं मानलं जाई, हे त्याला सरळ शब्दांत सांगा. तो आंघोळीचा तपशील गुरुजींना सहज गाळता आला असता, आईची मूर्ती आणखी स्वच्छ दिसली असती. त्यांनी तो ठेवला. आणि त्याच गुरुजींनी १९४७ मध्ये पंढरपूरचं विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून प्राण पणाला लावून उपोषण केलं, हेही सांगा. आई जिथवर पोचली त्याच्या पुढे मुलगा गेला.

तुमच्या मैत्रिणीचं म्हणणं मी सगळंच्या सगळं बाजूला सारत नाही. पुस्तकात काही जागा खरंच सैल आहेत. गोष्ट सांगून झाल्यावर श्याम तिचा अर्थ सांगू लागतो, समाज, देश, धर्म यांवर बोलत राहतो, तिथं मघाशी घट्ट झालेलं मन सुटतं. दही ठेवणाऱ्या लेखकाला तो अर्थ सांगायची गरज नव्हती. मोठ्यानं वाचताना असे परिच्छेद तुम्ही खुशाल ओलांडा. मी माझ्या भाच्यांना वाचून दाखवताना ओलांडले आहेत, आणि त्यात पुस्तकाचा अपमान होतो असं मला कधी वाटलं नाही.

कमी बोलून तितकंच आत पोचणारं मराठी लेखन कसं असतं हे तिला, तुम्हाला आणि दोन वर्षांनी मुलालाही बघायचं असेल, तर व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' जवळ ठेवा. १९५५ ची कादंबरी. धनगरांच्या वाडीवर आलेला तरुण मास्तर सगळं सांगतो, पण स्वतःच्या मनाबद्दल अगदी कमी. दुष्काळ पडतो आणि वाडी रिकामी होते. कुणी हंबरडा फोडत नाही. तरी ती शेवटची पानं वाचून झाल्यावर माणूस बराच वेळ बसून राहतो. हरिभाऊ आपट्यांनी याच्या कितीतरी आधी, 'पण लक्षात कोण घेतो'मध्ये, तिसरी वाट काढली होती. तिथं यमू आपली कहाणी स्वतःच्या तोंडानं, लहानपणापासून, अगदी घरगुती बोलीत सांगते. तिच्या खेळांत, भांडणांत आपण इतके रमतो, की पुढे तिचं केशवपन होतं तेव्हा 'विधवांचा प्रश्न' वगैरे काही डोक्यात येत नाही, आपल्या ओळखीच्या मुलीवर कुणी हात टाकला असं होतं. ती कादंबरी आपट्यांच्याच 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः आली आणि १८९३ मध्ये पूर्ण झाली. त्याच वर्षी धोंडो केशव कर्व्यांनी एका विधवेशी लग्न केलं आणि गावानं त्यांना वाळीत टाकलं. आपटे लिहीत होते ते अशा दिवसांत. मुद्दामच लिहीत होते.

मग पुस्तक बंद करावं का? तसा एक मार्ग आहे, आणि तुम्हाला खरोखर झोप लागत नसेल तर पंधरा दिवस बंद ठेवण्यात काहीही बिघडत नाही. श्याम कुठं जात नाही. पण मैत्रिणीच्या बोलण्यामुळे बंद करणार असाल, तर मी नको म्हणेन. दुसरा मार्ग, वाचत राहायचं आणि रडू दाबायचं. तो मला सगळ्यांत वाईट वाटतो. आईला इथं काहीतरी होतंय आणि ती ते लपवतेय, एवढंच मुलाला त्यातून कळेल.

मी काय केलं असतं ते सांगते. जिथं गळा दाटेल तिथं वाचन थांबवून मुलाला सरळ म्हटलं असतं, "मला इथं रडू आलं. चल, अर्धं पान मागे जाऊन बघू, त्यांनी नेमकं काय केलंय." दोघं मिळून शोधा. बहुतेक वेळा एखादी वस्तू सापडेल, नाहीतर जिथं बोलायला हवं तिथं कुणी गप्प राहिलेलं सापडेल. त्यानंच प्रश्न विचारला आहे, तेव्हा कुठं मुद्दाम केलंय हे शोधून काढायचं कामही त्यालाच द्या. अशा शोधानं रडू आटतं अशी पुष्कळांना भीती वाटते. माझा अनुभव असा, की खऱ्या जागा शोधानंतरही तशाच राहतात, आणि ज्या पोकळ होत्या त्याच गळून पडतात. हे कुठल्याही पुस्तकाला लागू आहे. वाचनमंडळात, वर्गात, एकटं वाचतानाही करून बघण्यासारखं आहे.

दुसरं, त्याला एखादी रात्र आईच्या बाजूनं सांगायला लावा. पोहण्याचीच घ्या. श्याम विहिरीवर गेला आहे, ती घरात एकटी आहे. तिथून पुढे तिच्या तोंडून. पुस्तकानं ती जागा रिकामी ठेवली आहे आणि तुमचा मुलगा ती कशानं भरतो ते ऐकण्यासारखं असेल. तो रडत नाही म्हणून त्याच्यापर्यंत काही पोचत नाही असं धरून चालू नका. अकराव्या वर्षी आई जवळ बसलेली असते, तिचा हात पुस्तकावर असतो. जे गमावण्याबद्दल श्याम बोलतो ते त्याच्या उशाशी आहे. तो कशाला रडेल? रडणारी तुम्ही आहात, कारण तुम्हाला वाचून दाखवणारी आजी आता नाही. हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. पण लहानपणी आजीनं वाचून दाखवलं होतं, हे वाक्य तुम्ही दोनदा लिहिलंत.

त्याला आजीबद्दल सांगा. ती कुठं बसायची, कुठल्या रात्रीपाशी तिचा आवाज बसायचा, तिनं कधी भाजीत मीठ घालायचं विसरलं होतं का. आणि तुम्ही कुठं कुठं चुकता तेही, त्याच सुरात.

मग पुढची रात्र त्याला वाचू द्या. पुस्तक त्याच्या हातात, तुम्ही ऐकणाऱ्यांत. कुठं तो थांबतो ते बघा, आणि जमलं तर मला कळवा.